नेम कशावर धरावा?
(खेळातील वैयक्तिक ध्येयाविषयी)



पावसाळा सरला की आपल्या धर्मग्रामातील मैदाने जागी होतात. शाळांच्या क्रीडास्पर्धा, वाड्यावाड्यांतील फुटबॉल व क्रिकेटचे सामने, डिसेंबरातील मॅरेथॉन, युवकांचा क्रीडा महोत्सव असे एकामागून एक कार्यक्रम सुरू होतात. मैदानावर सराव करणाऱ्या मुलांना आम्ही कधी विचारतो, “यंदा काय ठरवलं आहेस?” उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते, “फादर, पहिला नंबर काढणार!”

उत्साह चांगला आहे. पण थोडा हिशेब करून पाहू या. शर्यतीत आठ मुले धावतात. आठही जणांनी पहिला नंबर ठरवलेला असतो. शर्यत संपते तेव्हा एकाचे ध्येय पूर्ण होते आणि सात जण ‘आपण हरलो’ असे मानून घरी जातात. त्या सातांपैकी एखाद्याने गेल्या वर्षापेक्षा कितीतरी चांगली धाव घेतलेली असते. परंतु ते मोजायला त्याच्याकडे मापच नसते. असे दोन-तीन वेळा झाले की त्याचे बूट कोपऱ्यात जातात. “आपल्याला काही जमत नाही” हे वाक्य तो मैदानावर शिकतो आणि पुढे अभ्यासात, नोकरीत, संसारातही वापरतो. म्हणूनच ध्येय कसे ठरवावे हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो. चुकीचे ठरवलेले ध्येय चांगल्या मुलाला मैदानाबाहेर काढू शकते.

ध्येयाचे तीन प्रकार

खेळाच्या मानसशास्त्रात ध्येयांचे तीन प्रकार सांगितले जातात.

पहिले निकालाचे ध्येय. पहिला नंबर, पदक, संघात निवड, सामन्यातील विजय. हे केवळ आपल्यावर अवलंबून नसते. प्रतिस्पर्धी किती तयारीचा आहे, पंचांचा निर्णय काय, हवामान कसे, यांवरही ते ठरते.

दुसरे कामगिरीचे ध्येय. यात आपली तुलना आपल्याशीच असते. मागच्या महिन्यात ८०० मीटर इतक्या वेळात धावलो, आता त्याहून कमी वेळात धावायचे. लांब उडीत दहा सेंटिमीटर पुढे जायचे. हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

तिसरे सरावाचे, म्हणजे रोजच्या कृतीचे ध्येय. आठवड्यातून तीन दिवस धावायचे, दर सरावात डाव्या पायाने पन्नास पास द्यायचे, रात्री दहाला झोपायचे. हे जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात असते.

या तिन्ही ध्येयांची गरज आहे. निकालाचे ध्येय दिशा दाखवते, कामगिरीचे ध्येय आपण कुठवर आलो ते सांगते आणि सरावाचे ध्येय आज सकाळी उठून काय करायचे ते सांगते. आपल्या मुलांकडे बहुधा पहिलेच तेवढे असते. घराला छप्पर घालायचे ठरवावे आणि भिंतींचा विचारच करू नये, तसा हा प्रकार आहे.

बीडच्या मातीतील एक उदाहरण

महाराष्ट्राचे धावपटू अविनाश साबळे यांचे उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. शेतकऱ्याचे घर. शाळा सहा किलोमीटर दूर, तीही पायी. बारावीनंतर ते लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी सेवा केली. २०१५ साली ते लष्करातील क्रॉसकंट्री धावण्याकडे वळले आणि २०१७ पासून ३००० मीटर स्टीपलचेस ही त्यांची शर्यत झाली. या शर्यतीत धावता धावता २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. अडथळा सुमारे तीन फूट उंच व पक्का असतो. पाय लागला तर तो पडत नाही, धावणारा पडतो.

या शर्यतीत गोपाळ सैनी यांनी १९८१ साली केलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे टिकून होता. २०१८ साली भुवनेश्वरला साबळे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावले आणि तो मोडला. पुढे काय झाले ते आकड्यांतच पाहण्यासारखे आहे.

मार्च २०१९, पतियाळा : ८ मिनिटे २८.९४ सेकंद
ऑक्टोबर २०१९, दोहा : ८ मिनिटे २५.२३ सेकंद आणि त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत ८ मिनिटे २१.३७ सेकंद
मार्च २०२१, पतियाळा : ८ मिनिटे २०.२० सेकंद
जुलै २०२१, टोकियो : ८ मिनिटे १८.१२ सेकंद
मार्च २०२२, तिरुवनंतपुरम : ८ मिनिटे १६.२१ सेकंद
जून २०२२, रबात : ८ मिनिटे १२.४८ सेकंद
ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम : ८ मिनिटे ११.२० सेकंद
जुलै २०२४, पॅरिस : ८ मिनिटे ०९.९१ सेकंद

म्हणजे दहा वेळा राष्ट्रीय विक्रम, आणि पहिला सोडला तर प्रत्येक वेळी मोडला तो स्वतःचाच. सहा वर्षांत वेळ कमी झाला तो जेमतेम वीस सेकंदांनी. एका टप्प्यात कधी चार सेकंदांपेक्षा जास्त कमी झाला नाही, एकदा तर एक सेकंदही पुरता कमी झाला नाही. मोठे यश असे छोट्या पावलांनी येते.

आता या यादीतील टोकियोकडे पुन्हा पाहा. ती ऑलिम्पिकची प्राथमिक फेरी होती. साबळे तोवरच्या आयुष्यातील सर्वांत वेगवान शर्यत धावले, राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही आपल्या गटात सातवे आले. अंतिम फेरी हुकली. दुसऱ्या एका गटातून पहिल्या तिघांत येऊन पुढे गेलेले धावपटू त्यांच्यापेक्षा हळू धावले होते. परंतु तो गट वेगळा होता आणि नियम नियम असतो. निकालाच्या मापाने मोजले तर ते हरले. कामगिरीच्या मापाने मोजले तर त्यांनी ती शर्यत आजवर कोणीही भारतीय धावला नव्हता तेवढी चांगली धावली होती. ज्याच्याकडे पहिलेच माप आहे, तो त्या दिवशी खेळ सोडण्याचा विचार करील. ज्याच्याकडे दुसरेही आहे, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे ते माहीत असते.

एका वर्षाने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांनी रौप्यपदक मिळवले. १९९८ पासून या शर्यतीतील तिन्ही पदके केनियाचेच धावपटू नेत होते, ती साखळी तेथे तुटली. सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णही आले. निकाल आले, पण ते वाढत गेलेल्या कामगिरीच्या मागोमाग आले.

धनुर्धाऱ्याचे काम कोणते?

अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. ध्येयावर लक्ष हवे हे त्यातून शिकावे. मात्र नेम धरणे आणि नेम लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या भेदावर प्राचीन ग्रीक व रोमन विचारवंतांनी खूप विचार केला. रोमन लेखक सिसेरो यांनी ख्रिस्तपूर्व ४५ साली लिहिलेल्या एका ग्रंथात स्टोइक तत्त्वज्ञांचे मत मांडताना धनुर्धाऱ्याचे उदाहरण येते. त्याचा आशय असा : बाण सरळ जावा म्हणून शक्य ते सर्व करणे हे धनुर्धाऱ्याचे खरे काम आहे. लक्ष्यावर बाण लागणे हे हवेसे आहे, परंतु त्याच्या कामाची परिपूर्णता त्यावर ठरत नाही. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की बाण सुटल्यावर वारा आला तर तो दोष धनुर्धाऱ्याचा नाही, पण प्रत्यंचा नीट ओढली नसेल तर तो त्याचाच आहे.

कोणी म्हणेल, हा हरणाऱ्यांचे समाधान करणारा विचार आहे. उलट हा विचार अधिक कडक आहे. ‘नशीब नव्हते’, ‘पंच पक्षपाती होते’ अशा सबबी त्यात चालत नाहीत. जे तुझ्या हातात होते ते तू पूर्ण केलेस का, एवढाच प्रश्न तो विचारतो. आणि जिंकलेल्यालाही तो सोडत नाही. प्रतिस्पर्धी दुबळा होता म्हणून मिळालेल्या पदकाने सरावातील आळस झाकला जात नाही.

संत पौलांनाही खेळाडूंचे जीवन परिचयाचे होते. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत असत. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात ते धावणाऱ्याचे व मुष्टियोद्ध्याचे उदाहरण देतात आणि भर देतात तो स्वतःच्या शरीराला लावलेल्या शिस्तीवर. तो भाग या आठवड्यात घरी जरूर वाचावा.

ध्येय ठरवण्याच्या पाच पायऱ्या

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एडविन लॉक व गॅरी लॅथम या अभ्यासकांनी अनेक दशके या विषयाचा अभ्यास केला. “जमेल तेवढे कर” असे सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड, पण आवाक्यातले ध्येय दिले तर माणूस सहसा अधिक चांगले काम करतो, असे त्यांना आढळले. मात्र ते ध्येय त्याने मनापासून स्वीकारलेले हवे आणि आपण कुठवर आलो हे त्याला मधूनमधून कळायला हवे. हे लक्षात ठेवून आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. नववीतील एक मुलगी ८०० मीटर धावते. तिने काय करावे?

१. आज आपण कुठे आहोत ते मोजावे. अंदाज नको, घड्याळ लावावे. समजा, तिला ३ मिनिटे १० सेकंद लागतात. हा आकडा लाजण्यासाठी नाही. पत्ता शोधताना आधी आपण कुठे उभे आहोत हे कळावे लागते, तसा हा आकडा आहे.

२. नेमकी कमतरता ओळखावी. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती. ताकद होती, कमी होती ती सरावाच्या एका नेमक्या अंगात. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आपल्या मुलीने पाहावे : ती सुरुवातीला फार जोरात पळून शेवटी थकते का? वळणावर गती कमी होते का? प्रशिक्षक नसेल तर मैत्रिणीने प्रत्येक २०० मीटरला वेळ लिहून घ्यावा. दुखणे कुठे आहे ते लगेच समजते.

३. आकडा आणि तारीख ठरवावी. “वेग वाढवीन” हे ध्येय नव्हे, ती इच्छा झाली. “दहा आठवड्यांनी ८०० मीटर ३ मिनिटांत” हे ध्येय. मध्ये एक थांबा असावा : पाचव्या आठवड्यात ३ मिनिटे ५ सेकंद. दहा सेकंद एकदम मोठे वाटतात. पण ८०० मीटरचे चार भाग केले तर प्रत्येक २०० मीटरला साडेसत्तेचाळीसऐवजी पंचेचाळीस सेकंद, म्हणजे अडीच सेकंदांचाच फरक. अवघड गोष्ट वाटून घेतली की हातात मावते.

४. त्याचे रोजच्या कृतीत रूपांतर करावे. सोमवारी अर्धा तास, बोलता येईल इतक्या सावकाश गतीने धावणे. बुधवारी २०० मीटर सहा वेळा, प्रत्येकी ४५ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटे चालणे. शनिवारी किनाऱ्याच्या घट्ट वाळूवर तीन किलोमीटर. बाकीचे दिवस विश्रांती किंवा हलका व्यायाम. सरावाची वेळ व जागा आधीच ठरलेली असावी. “वेळ मिळाला तर जाईन” म्हणणाऱ्याला वेळ कधी मिळत नाही.

५. लिहून ठेवावे आणि तपासावे. साधी शंभर पानी वही पुरते. चार रकाने : तारीख, काय केले, वेळ किती लागला, शरीराला कसे वाटले. दर दोन आठवड्यांनी वही उघडून पाहावी. ध्येय सहज गाठले तर थोडे पुढे न्यावे, फारच दूर राहिले तर तारीख बदलावी. ध्येय दगडावर कोरायचे नसते, पेन्सिलीने लिहायचे असते.

येथे एक सूचना. अगदी नवशिक्याला आकड्याचे ध्येय देऊ नये. पोहायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलाला ‘अमुक सेकंदांत पोह’ असे सांगितले तर तो हातपाय कसेही मारू लागतो. त्याला आधी शिकण्याचे ध्येय द्यावे : या महिन्यात श्वास घेण्याची पद्धत नीट जमली पाहिजे. आकडा नंतर.

ध्येय मोडते तेव्हा

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत अविनाश साबळे पडले, गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात टोकियोला झालेली जागतिक स्पर्धा त्यांना मुकावी लागली. इतक्या तयारीच्या खेळाडूवरही ही वेळ येते.

अशा वेळी पदकाचे ध्येय काही काळ बाजूला ठेवावे लागते, सेकंदांचेही ठेवावे लागते. रोजच्या कृतीचे ध्येय मात्र तेव्हाही शिल्लक राहते : आज गुडघा इतका वाकवायचा, आज इतकी पावले चालायची. तिसऱ्या प्रकारच्या ध्येयाची खरी किंमत तेव्हा कळते. हेच दहावीच्या वर्षालाही लागू आहे. परीक्षेमुळे मैदान पूर्ण बंद करण्याऐवजी आठवड्यातून दोनदा अर्धा तास, एवढे छोटे ध्येय ठेवावे. दोर बारीक झाला तरी चालेल, तुटू देऊ नये. मुलींच्या बाबतीत हे विशेष सांगावेसे वाटते. दहावीनंतर “आता पुरे झाले पळणे” असे ऐकून किती चांगल्या खेळाडू मुली घरी बसतात, ते आपण सर्वजण पाहतो.

आणि हा विषय फक्त मुलांचा नाही. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांनीही तेच करावे. साखरेचा आकडा हा निकाल आहे, तो रोज आपल्या हुकमात नसतो. आठवड्यातून पाच दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने अर्धा तास चालणे, हे आपल्या हुकमात असते.

पालकांसाठी

मातापित्यांनो, आपल्या मुलाचे ध्येय कोणाचे आहे हे एकदा तपासून पाहा. कधी कधी ते वडिलांचे अपुरे राहिलेले स्वप्न असते, कधी शेजारच्या मुलाचे पदक. दुसऱ्याच्या मापाचा सदरा मूल काही दिवस घालते, मग काढून टाकते. ध्येय त्याच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही फक्त प्रश्न विचारा.

सामना संपवून मूल घरी आले की आपला पहिला प्रश्न असतो, “कितवा आलास?” या वर्षी तो बदलून पाहा. “आज काय जमलं? पुढच्या वेळी काय करणार?” असे विचारा. तो चौथा आला असेल, तरी त्याच्याकडे सांगण्यासारखे काही असेल. तो पहिला आला असेल, तर त्यालाही पुढे जाण्यासारखे काही उरलेले असेल. कौतुक करताना पदकाचे एकदा करा, पण पहाटे स्वतःहून उठल्याचे दोनदा करा.

या आठवड्याचा स्वाध्याय

घरी सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. आपल्या घरात प्रत्येकाचे खेळाचे किंवा व्यायामाचे एक ध्येय कोणते? ते निकालाचे आहे, कामगिरीचे की रोजच्या कृतीचे?
२. त्यातील कोणता भाग आपल्या हातात आहे आणि कोणता नाही?
३. मागच्या वर्षी कोणी ‘हरलो’ म्हणून सोडून दिलेला खेळ आहे का? त्याला आज दुसरे माप लावले तर काय दिसते?

मग एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : आज मी कुठे आहे, अमुक तारखेला कुठे असेन आणि त्यासाठी येत्या सोमवारी काय करणार. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. तो कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा. जगाला दाखवण्याची गरज नाही, रोज सकाळी आपल्याला दिसला म्हणजे पुरे.

क्रीडा महोत्सवात आपल्या धर्मग्रामातील आठजण धावतील तेव्हा पदक एकालाच मिळेल, त्याचे आपण सर्वजण टाळ्या वाजवून कौतुक करू. परंतु आठही जणांच्या वहीत त्या दिवशी लिहिण्यासारखी एक ओळ असावी, आणि पुढच्या सोमवारी आठहीजण पुन्हा मैदानावर दिसावेत, एवढीच आमची इच्छा आहे.